चाकाचे गंजलेले नट घरच्या घरी साफ आणि पॉलिश करायचे, पण आटे आणि टेपर सांभाळून

बाबांची ९७ सालची मारुती ८०० अजून आमच्याकडे आहे आणि रोज चालते. गाडी रत्नागिरीत समुद्राच्या वाऱ्यात बारा महिने उभी, त्यामुळे पत्र्याला दर दोन वर्षांनी काही ना काही करावंच लागतं, पण चाकाच्या नटांकडे कधी कुणी ढुंकून बघितलं नव्हतं कारण वर व्हील कॅप. गेल्या पावसाळ्यानंतर एक कॅप रस्त्यात कुठेतरी उडाली आणि आतले चार नट दिसले, तपकिरीच्या डबीत बुडवून काढल्यासारखे. म्हटलं आता करूनच टाकू. सोळाच्या सोळा केले, तीन रविवार गेले, दोन नट भंगारात टाकले आणि सुरुवातीलाच एक मूर्खपणा केला, तो पुढे येतोच.

एक गोष्ट आधीच सांगतो. नट चमकवणं काही अवघड नाही, घासत बसायची तयारी असली की कुणालाही जमतं. पण नटाच्या दोन जागा अशा आहेत जिथे चमक, तेल, पेंट, काहीच नको. एक आतले आटे आणि दुसरा तो निमुळता भाग, टेपर, जो रिमच्या भोकात जाऊन बसतो. चाक धरून ठेवतात ते हे दोघं. बाहेरचे सहा चपटे पैलू फक्त पाना बसायला आणि आपल्याला बघायला. म्हणजे पॉलिश करायचं ते पैलूंना आणि तोंडाला, बाकी नुसतं साफ.

आधी नट कसला आहे ते बघा

हे न बघता थेट व्हिनेगरमध्ये टाकाल तर पस्तावाल. ८०० सारख्या जुन्या गाडीला पत्र्याच्या रिमवर साधा लोखंडी नट असतो, वर झिंकचा पातळ मुलामा, नवीन असताना पांढरट किंवा पिवळसर सोनेरी झाक असलेला. हा मुलामा आंबट कशातही टाकला की विरघळतो. नट आधीच सगळा तांबडा झाला असेल तर प्रश्नच नाही, झिंक केव्हाच गेलंय. पण अर्धा नट चांगला आणि एका कोपऱ्याला जरासा तांबेरा असेल तर त्याला बुडवू नका, ब्रशने तेवढंच घासा आणि सोडून द्या.

दुसरा प्रकार क्रोमचा, आरशासारखा, जरा निळसर चमक. बाहेरून अलॉय रिम घेऊन घातलेल्या गाड्यांना बहुतेक हेच असतात. याची पद्धत पूर्ण वेगळी, खाली स्वतंत्र लिहिलंय.

तिसरा प्रकार टोपीवाला, आत लोखंडी नट आणि वरून स्टेनलेसच्या पत्र्याची पातळ टोपी दाबून बसवलेली. दिसायला झकास, पण टोपीच्या आत पाणी शिरलं की आतलं लोखंड गंजतं, गंज फुगतो आणि टोपीसकट नट जाड होतो. मग १९ चा पाना बसत नाही आणि २० चा हलतो. पंक्चर झाल्यावर रात्री हायवेवर हे कळतं. असा फुगलेला नट पॉलिश करून काही उपयोग नाही, सरळ एकसंध नट आणून बदला.

आणि काही गाड्यांना नट नसतातच, फोक्सवॅगन किंवा स्कोडा असेल तर बोल्ट असतात जे हबमध्ये, म्हणजे चाक ज्याला टेकून बसतं त्या मधल्या भागात, जातात. साफ करायची रीत तीच, फक्त आटे बाहेरून असल्यामुळे जास्त सोपं.

चमकवायच्या आधी बाद कुठले ते वेगळे काढा. नट हाताने स्टडवर, म्हणजे हबमधून बाहेर आलेल्या आट्यांच्या दांड्यावर, फिरवून बघा, साफ नट बोटाने शेवटपर्यंत जायला पाहिजे. दोन आट्यांनंतर अडकत असेल आणि साफ करूनही अडकत असेल तर आटे गेलेत. पैलूंचे कोपरे गोल झाले असतील, टेपरवर खरवडल्यासारखे ओरखडे किंवा खड्डे असतील, किंवा कडेला केसासारखी चीर दिसली तर तो नट संपला. माझ्या सोळामधले दोन असेच निघाले, एकाचे कोपरे कुठल्यातरी टायरवाल्याने गन (नट आवळायचं मशीन) मारून गोल केले होते आणि दुसऱ्याचा टेपर खाल्लेला. ८०० डिसेंबर १९८३ मध्ये आली आणि २०१४ च्या सुरुवातीला बनायची बंद झाली, पण नट आजही सहज मिळतात कारण मारुतीच्या बऱ्याच गाड्यांना हाच १२ एमएमचा १.२५ पिचचा नट चालतो. दुकानात पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, नक्की बोला, कारण ह्युंदाईचा आणि होंडाचा पण १२ एमएमच असतो पण पिच १.५, तो दोन आटे गोड गोड जातो आणि मग अडकतो, आणि तिथे कुणी पाना लावून जोर केला की स्टडचे पण आटे जातात. शिवाय होंडाच्या नटाची बैठक गोलसर असते, निमुळती नाही, ती आपल्या रिमला चालत नाही.

चार नवीन नट आणा, काम निम्मं होतं

ही युक्ती मला दुसऱ्या रविवारी सुचली, आधी सुचली असती तर बरं झालं असतं. गाडी रोज लागते आणि नट तर रात्रभर भिजत ठेवायचे, मग गाडी काय तीन चाकांवर उभी करणार? तर चार नवीन नट विकत आणायचे. पहिल्या चाकाचे जुने चार काढले की तिथे नवीन चार लावून गाडी मोकळी. जुने चार आरामात साफ करायचे, ते झाले की दुसऱ्या चाकाला लावायचे आणि त्याचे काढायचे. असं चारही चाकं फिरून झालं की शेवटी चार नट हातात उरतात, तेवढ्यात बाद झालेल्यांची भरपाई पण होते. चारपैकी एक नट काढून गाडी चालवायची असला शहाणपणा मात्र करू नका.

सामान

बाकी सामान घरातलंच. झाकणाचा प्लॅस्टिक डबा, आईस्क्रीमचा रिकामा एकदम बेस्ट. अॅल्युमिनियमचं पातेलं अजिबात नको, व्हिनेगर ते खातं. जुने टूथब्रश दोन-तीन, पितळी तारांचा छोटा ब्रश, रॉकेल किंवा डिझेल वाटीभर, भांड्याचं लिक्विड, खायचा सोडा, पांढरं व्हिनेगर किंवा किराणा दुकानात मिळतं ते लिंबूफूल म्हणजे सायट्रिक अॅसिड. वॉटर पेपर (ओला करून घासायचा सँडपेपर) ४००, ६००, १००० आणि २००० नंबरचा, एकेक शीट पुरते. काचेचा सपाट तुकडा. मेटल पॉलिश, ऑटोसोलची ट्यूब किंवा ब्रासो, जे मिळेल ते. आणि जुना बनियन. पॉलिशला बनियनच्या कापडासारखं दुसरं काही नाही, पैसे देऊन आणलेलं मायक्रोफायबर पण नाही.

नट काढताना

गाडी सपाट आणि कडक जमिनीवर घ्या, हँडब्रेक ओढा, पहिला गिअर टाका, समोरच्या कोपऱ्यातल्या चाकाला पुढून-मागून ठोकळे लावा. चाक जमिनीवर असतानाच प्रत्येक नट पाव फेरा ढिला करायचा, मग जॅक. उलटं केलं की चाक हवेत फिरतं आणि जोर करताना गाडी जॅकवरून घसरते. कोकणात एक सवय आहे, अंगणात पडलेला जांभ्याचा चिरा घ्यायचा आणि गाडीखाली टेकू म्हणून सरकवायचा. चिरा दिसायला दगड पण आतून भुसभुशीत, त्यात पावसात भिजलेला असेल तर वजन आल्यावर कधी फुटेल सांगता येत नाही. जॅक स्टँड वापरा, नसेल तर काढलेलं चाक किंवा स्टेपनी गाडीच्या कडेखाली आडवी सरकवून ठेवा, जॅक सुटलाच तर गाडी त्याच्यावर बसेल.

नट निघत नसेल तर आदल्या रात्री स्टडच्या टोकाशी डब्ल्यूडी-४० (गंज सैल करायचा स्प्रे) मारून ठेवा, सकाळी परत मारा, मग लांब दांड्याचा पाना लावा. दांड्याला पाइप लावून वर उभं राहण्याआधी आटे कुठल्या बाजूचे आहेत ते बघा. हे मी सांगतोय कारण मामाकडे जुनी जीप होती, तिच्या डाव्या बाजूच्या चाकांना उलटे आटे. जुन्या विलीज पद्धतीच्या जीपना असं असायचं, डावीकडचे नट चालता चालता सुटू नयेत म्हणून, आणि स्टडच्या टोकावर इंग्रजी एल कोरलेला असायचा. त्या एलवर चिखल बसलेला. मी आणि मामेभाऊ पाइप लावून दोघं पान्यावर नाचलो, नट सोडवतोय असं समजून आवळत होतो, आणि टण्ण करून स्टडच तुटला. मामा काही बोलला नाही, नुसता आमच्याकडे बघत राहिला, ते जास्त लागलं. तुमच्याकडे जुनी जीप असेल तर डाव्या-उजव्या नटांचे डबे पहिल्यापासून वेगळे ठेवा, साफ झाल्यावर सगळे सारखेच दिसतात.

आधी चिकटपणा, मग गंज

गंज काढायच्या आधी तेल आणि ब्रेकची काळी धूळ जायला हवी, नाहीतर आंबट पाणी लोखंडापर्यंत पोचतच नाही. वाटीत रॉकेल घ्या, नट अर्धा तास बुडवा, टूथब्रशने आतून-बाहेरून घासा. आट्यांसाठी टूथब्रशची दांडी मेणबत्तीवर गरम करून वाकवून घेतली की ब्रश सरळ भोकात जातो. ब्रेकची धूळ नाकात जाऊ देऊ नका, कोरडी फुंकायची नाही, ओलीच घासायची. मग भांड्याच्या लिक्विडने गरम पाण्यात धुवा. पाण्याचे थेंब मोत्यासारखे उभे राहत असतील तर अजून तेल आहे. पाणी सपाट पसरलं की झालं.

आता माझा मूर्खपणा. पहिल्या दोन नटांना मी घाईघाईत संडास साफ करायचं निळं लिक्विड वापरलं, कारण कुणीतरी सांगितलं की पाच मिनिटांत गंज जातो. जातो, खोटं नाही. पण त्यात हायड्रोक्लोरिक अॅसिड असतं, ते गंजाबरोबर चांगलं लोखंड पण खातं. मी विसरून जेवायला गेलो आणि परत आलो तर नट राखाडी-काळे, वरून देवीचे व्रण असावेत तसे बारीक खड्डे, आणि बाजूला मोरीत ठेवलेला चांगला पाना पण नुसत्या वाफेने लाल झाला. कडक अॅसिडचा अजून एक तोटा डोळ्याला दिसत नाही, त्यातून निघणारा हायड्रोजन कडक केलेल्या पोलादात शिरतो आणि ते ठिसूळ होतं. चाकाच्या नटाला ठिसूळ होऊन कसं चालेल? आणि हे लिक्विड ब्लीचिंगच्या पाण्याबरोबर एकत्र झालं तर क्लोरीन वायू होतो, बंद मोरीत तो जिवावर बेतू शकतो. ते दोन नट मी मोजून फेकले, हे वरच्या दोन बाद नटांव्यतिरिक्त, म्हणजे खरं तर चार गेले. सुरुवातीला दोन लिहिलं कारण लाज वाटत होती.

म्हणून मऊ मार्ग. पांढऱ्या व्हिनेगरमध्ये साधारण ४-५ टक्के अॅसिटिक अॅसिड असतं, नट पूर्ण बुडेल इतकं डब्यात ओता. लिंबूफूल वापरायचं असेल तर एक लिटर कोमट पाण्यात ५० ग्रॅम, साधारण तीन-चार मोठे चमचे. मला लिंबूफूल जास्त आवडलं, वास नाही, स्वस्त आणि काम लवकर. कोमट पाण्यात दोन ते चार तासांत फरक दिसतो, व्हिनेगरला संध्याकाळी टाकून सकाळी बघायचं. पण दोन्हीत टाकून विसरायचं नाही. दर तासाला एक नट काढून टूथब्रशने घासून बघा, गंज काळ्या गाळासारखा सुटून येत असेल तर अजून थोडा वेळ, आणि सगळीकडे राखाडी लोखंड दिसलं की लगेच बाहेर. बारीक बुडबुडे येत राहतात, त्यामुळे डब्याचं झाकण घट्ट लावू नका. जुन्या माणसांचा चिंच-मिठाचा उपाय पितळेच्या समईला भारी, पण लोखंडाला मीठ नको, मिठाचा अंश आट्यांत राहिला की आठ दिवसांत परत गंज.

बाहेर काढल्याबरोबर दोन चमचे खायचा सोडा टाकलेल्या पाण्यात पाच मिनिटं ठेवा, फेस येईल, उरलेलं आंबट तिथे मरतं. मग साध्या पाण्याने धुऊन लगेच पुसा आणि हेअर ड्रायरने किंवा कडक उन्हात गरम करून सुकवा. लगेच म्हणजे खरंच लगेच. उघडं झालेलं लोखंड इतकं भुकेलं असतं की आमच्याकडच्या दमट हवेत दहा मिनिटांत वर नारिंगी झाक येते. मी एकदा फोन घ्यायला गेलो तेवढ्यात चार नट परत पिवळे पडले होते, परत सगळं पहिल्यापासून.

नट गॅसवर लाल करून जळक्या तेलात टाकायचा आणि काळा रंग आणायचा, असं करणारे आहेत. दिसतो छान. पण कारखान्यात त्या पोलादाला जी ताकद दिलेली असते ती शेगडीवर निघून जाते. पावड्याच्या खिळ्याला करा, चाकाच्या नटाला नको.

आटे

सुकल्यावर आटे बघायचे. टॉर्च मागून धरून भोकातून बघा, गाळ अडकलेला दिसेल तर पितळी ब्रश फिरवा. १२ बाय १.२५ चा टॅप (आटे पाडायचं अवजार) मिळाला तर हाताने हळू फिरवून काढा, पण टॅपने नवीन आटे पाडायचे नाहीत, फक्त कचरा काढायचा. जोर लागत असेल तर थांबा. माझ्याकडे टॅप नव्हता, मी गॅरेजवाल्याकडून भंगारातला एक जुना व्हील स्टड आणला, ग्राइंडरने त्याच्या आट्यांमध्ये उभी खाच पाडली आणि तोच नटात आत-बाहेर फिरवला, खाचेत गाळ गोळा होऊन येतो. फुकटात टॅप.

आता पॉलिश, आणि इथे हात दुखणार

सोळा नट, प्रत्येकाला सहा पैलू, म्हणजे ९६ पैलू, आणि प्रत्येक पैलू चार वेगवेगळ्या नंबरच्या पेपरांवर. आकडा वाचून घाबरू नका, गप्पा मारत होतं. क्रिकेट लावून बसा.

काचेच्या तुकड्यावर ४०० चा वॉटर पेपर पसरा, वर पाणी आणि भांड्याच्या लिक्विडचा एक थेंब. नटाचा एक पैलू पेपरवर सपाट टेकवा, अंगठा आणि दोन बोटांनी धरून एकाच दिशेने मागे-पुढे, वीस-पंचवीस वेळा. गोल फिरवायचं नाही आणि डुगडुगू द्यायचं नाही, डुगडुगलं की कडा गोल होतात आणि पाना घसरायला लागतो. पैलू उचलून बघितला की सुरुवातीला मध्ये काळपट बेट दिसतं आणि भोवती उजळ कड, ते बेट लहान लहान होत जातं. पूर्ण जायला हवंच असं नाही, खोल खड्डा असेल तर राहू द्या. पैलू फार घासले तर १९ चा नट १८.५ चा होतो आणि मग पाना ढिला. ४०० वर अंदाजे सगळं सारखं झालं की ६०० वर त्याच्या काटकोनात घासा, म्हणजे आधीचे ओरखडे गेले की नाही ते कळतं. मग १०००, मग २०००. दोन नंबरच्या मध्ये नट धुवा, ४०० चा एक कण २००० वर आला की आरशात रेघ.

२००० नंतर नट राखाडी रेशमासारखा दिसतो, अजून चमक नाही, इथे बरेच जण निराश होतात. बनियनचा तुकडा बोटाला गुंडाळा, त्यावर वाटाण्याएवढं पॉलिश, आणि एका पैलूवर मिनिटभर दाबून घासा. कापड काळं होईल, ते काळं म्हणजे लोखंडच निघतंय, होऊ द्या. मग कापडाच्या कोरड्या जागेने पुसा. पहिला पैलू जेव्हा मी असा पुसला आणि त्यात माझ्याच अंगठ्याची रेघ न् रेघ दिसली ना, तेव्हा आईला स्वयंपाकघरातून हाक मारली. ती आली, बघितलं, म्हणाली देवाची भांडी पण अशीच घास कधीतरी.

ड्रिल मशीन असेल तर तोंडाचा गोल भाग लवकर होतो. त्याच भंगारातल्या स्टडचं डोकं कापून १३ एमएमच्या चकमध्ये पकडायचा, नट त्यावर फिरवून मागून दुसऱ्या नटाने लॉक करायचा, आणि मशीन हळू चालवून पेपर तोंडाला टेकवायचा. पैलूंना हे नाही चालत, कोपरे फटाफट आपटतात आणि पेपर फाडतात. मशीनजवळ सुती हातमोजे घालू नका, दोरा अडकला तर बोट ओढलं जातं. चष्मा मात्र हवाच, तारेच्या ब्रशच्या तारा सुटून उडतात.

आणि टेपर? टेपरला फक्त पितळी ब्रश. पेपर नाही, पॉलिश नाही.

क्रोमवाले नट

क्रोमला वॉटर पेपर लावला की संपलं, क्रोमचा थर केसापेक्षाही कितीतरी पातळ असतो, घासून तो गेला की खालचं पिवळट निकेल दिसतं आणि ते परत येत नाही. क्रोमवर गंजाचे ठिपके असतील तर स्वयंपाकघरातली अॅल्युमिनियम फॉइल घ्या, पोळ्या गुंडाळतो तीच. चुरगाळून लिंबाएवढी गोळी करा, पाण्यात बुडवून ठिपक्यांवर हलक्या हाताने घासा. अॅल्युमिनियम क्रोमपेक्षा खूप मऊ, त्यामुळे ओरखडा पडत नाही, पण गंज मात्र निघतो, पाणी तपकिरी होऊन ओघळायला लागतं. मग पुसून पॉलिश. क्रोमचे पापुद्रे सुटले असतील तर हात लावू नका, त्या कडा ब्लेडसारख्या कापतात. परत क्रोम करून घ्यायचं तर प्लेटिंगवाल्याकडे द्यावं लागतं, आणि चार नटांसाठी कोण करतो, नवीनच घ्या.

चमक टिकवायची कशी

खरं सांगतो, पॉलिश केलेलं उघडं लोखंड समुद्राकाठी टिकत नाही. पुण्या-नाशकात दोन-तीन महिने काढेल, आमच्याकडे पंधरा दिवस. म्हणून फक्त बाहेरच्या बाजूला गाडीचं वॅक्स लावा, दोन हात, आणि महिन्याला गाडी धुताना परत. ज्यांना परत-परत नको त्यांनी पैलूंवर क्लिअर लॅकरचा एक पातळ हात मारा, पण त्याआधी भोकात कागदाची घट्ट गुंडाळी घाला आणि टेपरला मास्किंग टेप लावा. टेपरवर किंवा रिमच्या बैठकीवर पेंटचा थर राहिला तर नट आवळताना घट्ट वाटतो, आणि नंतर गाडी चालून तो थर दबला की तेवढीच ढिलाई येते. लॅकर पान्याने कोपऱ्यांवर निघणारच आहे, ते धरून चाला. मी वॅक्सवरच आहे.

परत बसवताना

नट लावायच्या आधी स्टडना पण पितळी ब्रश मारा, आणि रिमची आतली बाजू जिथे हबला टेकते तिथले गंजाचे पापुद्रे काढा. मधे पापुद्रा दबला राहिला तर तो चालून-चालून चुरा होतो आणि सगळे नट एकदम ढिले.

आट्यांना ग्रीस किंवा ऑइल लावायचं का, यावर गॅरेजमध्ये दोन तट असतात. मी न लावणाऱ्यांतला. गाडीच्या पुस्तकात आवळायचा जो आकडा दिलेला असतो तो कोरड्या आट्यांसाठी असतो. तेल लावलं की घर्षण कमी होतं आणि त्याच आकड्याला स्टड जास्त ताणला जातो. ग्रीस लावायचंच असेल तर हबच्या मधल्या गोल भागाला बोटाने पुसटसं लावा, म्हणजे पुढच्या वेळी रिम चिकटून बसणार नाही. सोडवताना मारलेला डब्ल्यूडी-४० पण पुसून काढा.

प्रत्येक नट आधी बोटाने फिरवा, टेपर रिमकडे, आणि बोटाने जाईल तितका जाऊ द्या. चार नट असतील तर समोरासमोर आवळायचे, गोल क्रमाने नाही, म्हणजे रिम वाकडी बसत नाही. चाक हवेत असताना हलके, जमिनीवर टेकल्यावर पूर्ण. टॉर्क रेंच (किती जोराने आवळलं ते सांगणारा पाना) असेल तर पुस्तकातला आकडा लावा. नसेल तर अंदाज असा, एक मीटर लांब दांड्याच्या टोकाला दहा किलोचा जोर म्हणजे साधारण ९८ न्यूटन मीटर (हा नुसता हिशोब, आवळायचा आकडा पुस्तकातलाच), गाडीसोबत मिळणारा छोटा पाना त्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा असतो, म्हणजे तेवढ्याच टॉर्कला तिप्पट जोर लागतो. पान्यावर उड्या मारायची गरज कुठल्याच लहान गाडीला नाही. जवळच्या टायरवाल्याकडे टॉर्क रेंच असला तर त्याच्याकडून शेवटचा हात मारून घ्या, पण गन लावू देऊ नका, नाहीतर तीन रविवार घासलेले कोपरे तीन सेकंदांत गेले.

मग गाडी फिरवा आणि ८०-१०० किलोमीटर झाले की परत एकदा सगळे नट तपासा. आम्ही रत्नागिरी ते गणपतीपुळे दोनदा जाऊन आलो आणि अंगणात तपासलं, मागच्या डाव्या चाकाचा एक नट जवळजवळ अष्टमांश फेरा गेला, बाकी जागचे हलले नव्हते. ज्याने फेरा घेतला त्याच्या बैठकीत मला नंतर रंगाचा एक कपचा सापडला, नखाएवढा, रिम मागे कधीतरी रंगवताना राहिलेला. तो खरवडला, परत आवळलं, आणि पुढच्या ८० किलोमीटरनंतर परत बघितलं तेव्हा नट जागेवर होता.

बाबांनी सगळं बघितलं, वाकून एका नटात स्वतःचा चष्मा बघितला आणि आत जाऊन उरलेल्या तीन व्हील कॅप घेऊन आले, म्हणाले या लावून टाक, गंजतील नाहीतर.